मुक्या सोबत्याची प्रकृती

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले. रत्नागिरीस बिऱ्हाड मांडताच तू दोन महिन्यांची गावठी कुत्री घरात आणलीस, हे वाचून फार समाधान वाटले. पत्राच्या अखेरीस तू विचारले आहेस की, ती आजारी पडल्यास उपयोगी पडावी म्हणून कोणकोणती औषधे घरात ठेवावी. पशुसंवर्धन खात्यात उभी हयात घालवल्यानंतर माझी अशी पक्की धारणा झाली आहे की, कुत्र्याच्या धन्याला औषधांच्या कपाटापेक्षा सावध नजरेची गरज अधिक असते. म्हणून औषधांची यादी न पाठवता ती नजर कशी कमवावी, एवढेच या पत्रात लिहितो.

कुत्रा आपले दुखणे शक्य तोवर दाबून ठेवतो, आणि ज्या दिवशी तो अन्न सोडून कोपऱ्यात पडून राहतो त्या दिवसापर्यंत रोग पुष्कळदा बराच पुढे गेलेला असतो. यास्तव ती धडधाकट आहे तोवरच तिच्या प्रकृतीशी परिचय करून घे. तिचा वरचा ओठ हलक्या हाताने उचल, हिरडीवर अंगठा क्षणभर दाबून सोड. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. हा निरोगी रंग ज्याच्या डोळ्यांत ठसला आहे, त्याला फिकट, पिवळसर किंवा जांभळट हिरडी कोणी दाखवून द्यावी लागत नाही. नाक ओले की कोरडे यावरून तापाचे अनुमान करू नकोस. कुत्र्याचे स्वाभाविक उष्णतामान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते, तेव्हा आपल्या हाताला तिचे अंग नेहमीच ऊन लागणार. ताप थर्मामीटरनेच पाहावा, आणि तो गुदद्वारात लावावा.

कोकणच्या दमट हवेत तिचा सर्वांत चिवट वैरी म्हणजे गोचीड. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी अंगावरून गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत, चौथऱ्याच्या सांदीत हजारो अंडी घालते. त्यामुळे केवळ कुत्र्याचे अंग साफ करून भागत नाही, जागेचाही बंदोबस्त करावा लागतो. या तपकिरी गोचिडीच्या चाव्यातून जे रोगजंतू रक्तात शिरतात, त्यांपैकी एर्लिकिया हा पांढऱ्या पेशींत ठाण मांडतो, तर बबेसिया तांबड्या पेशी फोडतो. अल्जीरियात 1935 साली प्रथम वर्णिलेल्या एर्लिकियाच्या रोगाने पुढे व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी फौजेची शेकडो कुत्री दगावली, यावरून त्याची जात कळून येईल. पहिल्या दोन-चार आठवड्यांत ताप येतो, भूक मंदावते, आणि मग तो रोग उपचाराविनाही ओसरल्यासारखा भासतो. धनी निर्धास्त होतो, पण जंतू महिनोन्‌महिने देहात दबा धरून राहतात आणि अखेरीस अस्थिमज्जेवरच घाला घालतात. मग नाकातून रक्त वाहू लागते, पोटाच्या कातडीवर तांबडे ठिपके उमटतात, आणि तोवर इलाजाची वेळ पुष्कळदा टळलेली असते. बबेसियात लघवी कॉफीसारखी काळसर होते व हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. म्हणून ताप एक दिवस येऊन गेला तरी रक्ताची तपासणी करून घे. एर्लिकियावरचे औषध साधारणपणे 28 दिवस द्यावे लागते, आणि चौथ्या दिवशी कुत्री उड्या मारू लागली म्हणून ते बंद करणे ही मोठी कसूर होय.

रोज सायंकाळी कानांच्या आतील घड्या, बगला, गळपट्ट्याखालची जागा आणि पायांच्या बोटांमधील सांदी बोटांनी चाचपून पाहा. गोचीड सापडल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढ. तिच्यावर रॉकेल ओतू नकोस, ती नखाने चिरडूही नकोस. गुरांच्या गोचिडांवर वापरायचे औषध शेजारी आपुलकीने देऊ करतील, ते या कोवळ्या पिल्लाला मुळीच लावू नकोस. तिचे वय व वजन पाहून पशुवैद्य देतील तेच लाव.

आता लसींविषयी. पार्व्हो हा रोग 1978 च्या सुमारास जगभर पसरला, आणि आजही पिल्लांचा तो काळच आहे: उलट्या, रक्तमिश्रित दुर्गंधी जुलाब, आणि एक-दोन दिवसांत देह शुष्क. अशा वेळी तोंडाने पाणी टिकत नाही, शिरेतूनच द्यावे लागते. तेव्हा ताक-भात, ओवा यांत एक रात्रही दवडू नकोस. एकदा लस टोचली की काम झाले, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक आईच्या पहिल्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती जोवर पिल्लाच्या रक्तात शिल्लक आहे, तोवर ती लसीलाच निष्प्रभ करते, आणि ती नेमकी कधी संपेल हे वरून कळत नाही. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, किमान सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत, ही लस पुन्हा पुन्हा द्यायची असते. डिस्टेंपर या रोगावरची मात्राही त्यातच येते. तोवर अनोळखी कुत्र्यांच्या वावराच्या जागी तिला सोडू नकोस.

पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) हा रोग होतो, तो यकृत व मूत्रपिंड यांना ग्रासतो, आणि कुत्र्याकडून माणसालाही लागू शकतो. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत माणसांत याची मोठी साथ आली होती. त्याचीही लस मिळते.

रेबीजच्या बाबतीत मात्र तुला ताकीदच देतो. लक्षणे प्रकट झाल्यावर या रोगावर इलाज नाही. कुत्र्यालाही नाही, माणसालाही नाही. पिसाळलेले कुत्रे धावून चावतेच असे नाही. कित्येकदा ते निपचित असते, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आणि घशात हाड अडकले असेल या कळवळ्याने घरचे माणूस त्याच्या तोंडात हात घालते. तू तसे कदापि करू नकोस. कोणत्याही कुत्र्याचा दात वा नख लागले, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धू, हळद-चुना-तिखट काही भरू नकोस, आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू कर. पोटात चौदा इंजेक्शने देत ती जुनी लस आता वापरात नाही, तेव्हा त्या भीतीने कोणी मागे राहू नये.

आपल्या घरातील पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या तिला देऊ नकोस. कांदा, द्राक्षे, मनुका व चॉकलेट हीही तिला विषच आहेत. पिल्ले नको असतील तर पशुवैद्यांच्या सल्ल्याने योग्य वयात तिची शस्त्रक्रिया करून घे. वयस्क कुत्रीच्या गर्भाशयात पू साठण्याचे प्राणघातक दुखणे त्यामुळे टळते.

येत्या रविवारची वाट न पाहता उद्याच तिला दवाखान्यात ने. लसीचे कार्ड करून घे, जंताच्या औषधाच्या तारखा त्यातच लिहून घे, आणि तिला तीन महिने पूर्ण होतील त्या आठवड्यात रेबीजची लस टोचून घेतल्याचे मला न चुकता कळव.

तुझा,
काका