फाशीची शिक्षा : अपिलाचे टप्पे आणि विलंबाची किंमत

खुनाच्या खटल्यात सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावल्यानंतर तिची अंमलबजावणी होण्यास अनेक वर्षे का लागतात, हा प्रश्न सामान्य नागरिकाला नेहमीच पडतो. हा विलंब म्हणजे केवळ यंत्रणेची दिरंगाई, की न्यायदानाचा आवश्यक भाग, याचे उत्तर शोधावयाचे तर संपूर्ण प्रक्रिया टप्प्याटप्प्याने समजून घ्यावी लागते. स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने राज्यघटना, फौजदारी कायदा आणि सुशासन या तिन्ही घटकांशी हा विषय निगडित आहे.

शिक्षेचा कायदेशीर पाया

1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार खुनाबद्दल फाशी न देता जन्मठेप द्यावयाची असल्यास न्यायाधीशांना त्याची कारणे नमूद करावी लागत. 1955 च्या दुरुस्तीने ही अट वगळली गेली. 1973 च्या संहितेने तर क्रम पूर्णपणे उलट केला. जन्मठेप हा नियम झाला आणि फाशीसाठी ‘विशेष कारणे’ देणे बंधनकारक ठरले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 393 मध्ये हीच तरतूद कायम आहे. खुनाच्या शिक्षेची तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 103 मध्ये आहे.

बच्चन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (1980) या खटल्यात घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशीची घटनात्मक वैधता मान्य केली. मात्र ही शिक्षा केवळ ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणात आणि अन्य पर्याय निर्विवादपणे बंद झालेला असेल तेव्हाच द्यावी, असे बंधन घातले. न्या. पी. एन. भगवती यांचे मत विरोधी होते. 1983 मध्ये मिठू प्रकरणात न्यायालयाने भारतीय दंड संहितेचे कलम 303, म्हणजे जन्मठेप भोगणाऱ्या कैद्याने खून केल्यास अनिवार्य फाशी देणारी तरतूद, घटनाबाह्य ठरविली. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (2022) या निकालाने आरोपीची सामाजिक पार्श्वभूमी, मानसिक स्थिती व तुरुंगातील वर्तन यांची माहिती खटल्याच्या टप्प्यावरच न्यायालयापुढे आणण्यावर भर दिला.

न्यायालयीन टप्पे

पहिला टप्पा सत्र न्यायालयाचा. दोषसिद्धीनंतर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकावे लागते.

दुसरा टप्पा उच्च न्यायालयाचा. आरोपीने अपील केले नाही तरी सत्र न्यायालयाने प्रकरण पुष्टीसाठी उच्च न्यायालयाकडे पाठविणे कलम 407 नुसार सक्तीचे आहे. पुष्टीशिवाय शिक्षा अमलात आणता येत नाही. येथे किमान दोन न्यायाधीश पुराव्याची पुन्हा छाननी करतात. ते शिक्षा कायम करू शकतात, कमी करू शकतात, फेरखटल्याचा आदेश देऊ शकतात किंवा आरोपीस निर्दोष सोडू शकतात.

तिसरा टप्पा सर्वोच्च न्यायालयाचा. उच्च न्यायालयाने निर्दोष सुटका फिरवून फाशी दिली असल्यास अनुच्छेद 134 नुसार अपिलाचा हक्क मिळतो. फाशीची केवळ पुष्टी झाली असल्यास सामान्यतः अनुच्छेद 136 खाली विशेष अनुमती याचिका करावी लागते.

चौथा टप्पा पुनर्विलोकनाचा (अनुच्छेद 137). पूर्वी अशा याचिकांचा निर्णय न्यायाधीशांच्या दालनात, कागदपत्रांच्या आधारे होत असे. मोहम्मद आरिफ प्रकरणातील 2 सप्टेंबर 2014 च्या निकालानंतर फाशीच्या प्रकरणांतील पुनर्विलोकन खुल्या न्यायालयात, तीन न्यायाधीशांपुढे व मर्यादित तोंडी युक्तिवादासह होते. त्यानंतरही रूपा अशोक हुर्रा (2002) प्रकरणातून निर्माण झालेल्या क्युरेटिव्ह याचिकेचा अखेरचा मार्ग शिल्लक राहतो.

दयेचा अर्ज

न्यायालयीन मार्ग संपल्यावर अनुच्छेद 161 नुसार राज्यपालांकडे आणि अनुच्छेद 72 नुसार राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज करता येतो. हा अधिकार वैयक्तिक मर्जीचा नसून मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार वापरावयाचा आहे, हे मारू राम (1980) प्रकरणात स्पष्ट झाले. केहर सिंग (1989) प्रकरणानुसार राष्ट्रपती पुराव्याचाही स्वतंत्र विचार करू शकतात. तो न्यायालयीन निकालातील फेरबदल मानला जात नाही.

नव्या संहितेच्या कलम 472 ने या टप्प्याला प्रथमच वैधानिक कालमर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाचा प्रतिकूल निर्णय तुरुंग अधीक्षकांनी कळविल्यापासून 30 दिवसांत दयेचा अर्ज करावयाचा असतो. राज्यपालांनी तो फेटाळल्यास 60 दिवसांत राष्ट्रपतींकडे अर्ज करता येतो. राज्याचा अभिप्राय व कागदपत्रे मिळाल्यावर केंद्र सरकारने 60 दिवसांत राष्ट्रपतींकडे शिफारस करावयाची आहे. राष्ट्रपतींच्या निर्णयासाठी मात्र कोणतीही मुदत नाही.

दोन प्रकारचा काळ

अर्थशास्त्रात वेळेचे मोल त्या वेळेत काय साध्य झाले यावरून ठरते. हीच कसोटी येथे लावली असता अपिलाच्या वर्षांचे दोन भाग पडतात : पुरावा तपासण्यात गेलेला काळ आणि फाईल पडून राहिल्याने गेलेला काळ. महाराष्ट्रातील दोन प्रकरणांतून हा भेद स्पष्ट होतो.

पहिले प्रकरण नाशिक जिल्ह्यातील. जून 2003 मध्ये दरोड्याच्या वेळी एका कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली. भटक्या जमातीतील सहा आरोपींना 2006 मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून उर्वरित तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सहाही जणांना फाशी ठोठावली. त्यांची पुनर्विलोकन याचिका 2010 मध्ये फेटाळली गेली. मोहम्मद आरिफ निकालानंतर पुनर्विलोकनाचे दार पुन्हा उघडले, 2018 मध्ये जुना निकाल मागे घेण्यात आला आणि अपिलाची सुनावणी नव्याने झाली. घटनेतून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून प्रारंभी वेगळ्याच व्यक्तींना ओळखले होते, ही बाब निर्णायक ठरली. 5 मार्च 2019 रोजी (अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य) सहाही जण निर्दोष ठरले. प्रत्येकास पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्याला मिळाला. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. 2010 नंतर शिक्षा तातडीने अमलात आणली गेली असती, तर ही चूक दुरुस्त करण्यास कोणीही उरले नसते.

दुसरे प्रकरण पुण्याचे. नोव्हेंबर 2007 मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका तरुण कर्मचारी महिलेवर तिला नेणाऱ्या वाहनाच्या चालकाने व त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिची हत्या केली. मार्च 2012 मध्ये फाशी सुनावली गेली, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने आणि मे 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. राज्यपालांनी 2016 मध्ये व राष्ट्रपतींनी मे 2017 मध्ये दयेचे अर्ज फेटाळले. त्यानंतर फाशीचे वॉरंट निघण्यास एप्रिल 2019 उजाडले. या जवळजवळ दोन वर्षांत कोणताही पुरावा तपासला जात नव्हता व कोणतेही अपील प्रलंबित नव्हते. उच्च न्यायालयाने जुलै 2019 मध्ये या अवाजवी विलंबामुळे फाशीचे रूपांतर 35 वर्षांच्या कारावासात केले. सर्वोच्च न्यायालयाने 9 डिसेंबर 2024 रोजी (महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रदीप यशवंत कोकडे) तो निर्णय उचलून धरला. राज्यांनी दयेच्या अर्जांसाठी गृह विभागात स्वतंत्र कक्ष स्थापन करावा, असे निर्देशही दिले.

या निकालाचे मूळ शत्रुघ्न चौहान विरुद्ध भारत सरकार (21 जानेवारी 2014) प्रकरणात आहे. दयेच्या अर्जावरील अवाजवी व अकारण विलंब हा अनुच्छेद 21 चा भंग असून तो फाशी रद्द करण्यास पुरेसा आहे, असे त्यात ठरले. पंधरा कैद्यांची फाशी तेव्हा जन्मठेपेत बदलली. अर्ज फेटाळल्याची सूचना व फाशी यांत किमान 14 दिवसांचे अंतर असावे, हेही तेथेच ठरले.

पुण्याच्या प्रकरणात मृत तरुणीच्या कुटुंबाने सतरा वर्षे निकालाची वाट पाहिली. अखेरीस शिक्षा बदलली, ती आरोपींच्या बाजूने नवा पुरावा आला म्हणून नव्हे, तर सरकारी कागद वेळेवर हलले नाहीत म्हणून. निष्क्रिय विलंबाचा भार असा दोन्ही बाजूंवर पडतो. कैदी मृत्यूच्या छायेत अनिश्चित काळ राहतो आणि पीडितांच्या आप्तांना न्यायाची शाश्वती उरत नाही.

धाक आणि पुरावा

फाशीमुळे खून कमी होतात का, या प्रश्नाचा अर्थशास्त्रज्ञांनीही शोध घेतला आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ आयझॅक एर्लिक यांच्या 1975 मधील लेखाने फाशीचा धाक सांख्यिकीय पद्धतीने दाखविण्याचा प्रयत्न केला आणि त्यावर दीर्घ वाद झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने 2012 मध्ये असा निष्कर्ष काढला की, या अभ्यासांवरून धाक आहे असेही म्हणता येत नाही, नाही असेही म्हणता येत नाही आणि धोरण ठरविताना त्यांचा आधार घेऊ नये. भारताच्या विधी आयोगाने 1967 च्या 35 व्या अहवालात फाशी कायम ठेवण्याची शिफारस केली होती. ऑगस्ट 2015 च्या 262 व्या अहवालात मात्र दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे वगळता ती रद्द करण्याची शिफारस केली.

समारोप

फाशी ठेवावी की नसावी, यावर मतभेद राहतील. परंतु जोवर ती कायद्यात आहे, तोवर दोन गोष्टींबाबत तडजोड होऊ शकत नाही. पुराव्याच्या फेरतपासणीस लागणारा काळ कमी करता कामा नये, कारण फाशीनंतर चूक दुरुस्त होत नाही. आणि टेबलांवर वाया जाणारा काळ शून्याकडे नेला पाहिजे. त्यासाठी नवा कायदा करण्यापेक्षा सक्षम विधी साहाय्य, अभिलेखांचे तत्पर हस्तांतरण आणि प्रत्येक टप्प्यावर जबाबदार अधिकारी नेमणे अधिक उपयोगी ठरेल. विद्यार्थ्यांनी या विषयावर उत्तर लिहिताना केवळ ‘विलंब’ असा सरसकट शब्द न वापरता तो कोणत्या टप्प्यावर आणि कशामुळे झाला, हे वेगळे करून दाखवावे. विश्लेषणाची आणि सुधारणेचीही सुरुवात तेथूनच होते.