इंटरफेसची मांडणी

संगणक जाळ्याला जोडण्यासाठी केवळ तार खोचून भागत नाही. तार जेथे येऊन मिळते त्या भागाला, म्हणजेच इंटरफेसला, पत्ता द्यावा लागतो. आणि त्या पत्त्याचा किती भाग जाळ्याचा व किती त्या एकट्या संगणकाचा, हेही सांगावे लागते. युनिक्सच्या बर्कली शाखेत १९८३ साली ‘आयएफकॉन्फिग’ ही आज्ञा या कामासाठी आली. लिनक्समध्ये पुढे अलेक्सी कुझ्नेत्सोव यांनी रचलेल्या ‘आयपी’ या आज्ञेने तिची जागा बव्हंशी घेतली.

१९२.१६८.१.१० हा पत्ता घेऊ. तो ३२ द्विमान अंकांचा असतो. त्यापुढे तिरपी रेघ देऊन २४ लिहिले, की पहिले २४ अंक जाळ्याचे ठरतात; उरलेल्या ८ अंकांच्या २५६ मांडण्या होतात आणि त्यांतील पहिली व शेवटची राखीव असल्याने २५४ पत्ते वापरण्यास उरतात. हा २४ क्षुल्लक वाटतो खरा; पण तो लिहावयाचा राहिला, तर जुनी आज्ञा पत्त्याच्या वर्गावरून एक आकडा गृहीत धरते आणि नवी सरळ ३२ धरते. मग आपल्या जाळ्यात तो संगणक एकटाच उरतो. शेजारच्या राउटरकडेही त्याला वाट सापडत नाही.

यानंतर इंटरफेस चालू करावा आणि राउटरमार्फत बाहेर जाणारा मूलमार्ग नोंदवावा. क्रम उलटा चालत नाही : इंटरफेस बंद असताना मार्गाची नोंद स्वीकारली जात नाही.

खरी कसोटी लागते ती संगणक दूर असताना. ज्या इंटरफेसमधून आज्ञा पोचत आहेत तोच बंद करणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणे होय. बंद करण्याची व लगेच चालू करण्याची आज्ञा एकाच ओळीत दिली की धोका टळतो, असा अनेकांचा समज असतो. तसे होत नाही. इंटरफेस बंद होताच त्यातून जाणारे मार्ग पुसले जातात. तो पुन्हा चालू झाल्यावर स्थानिक जाळ्याचा मार्ग परत येतो, कारण तो पत्त्यावरूनच काढता येतो. हाताने नोंदवलेला मूलमार्ग मात्र येत नाही. संगणक चालू असतो, पत्ताही जागेवर असतो, परंतु दुसऱ्या जाळ्यात बसलेल्या व्यवस्थापकाला उत्तर धाडण्यास त्याच्यापाशी वाट नसते. अशा वेळी कोणाला तरी त्या यंत्रापर्यंत प्रवास करावा लागतो.

आज्ञांनी केलेले बदल केवळ चालू स्मृतीत राहतात. यंत्र पुन्हा सुरू झाले की फाइलीत जतन केलेली मांडणी परत येते. नवशिक्यांना हा दोष वाटतो, परंतु वस्तुतः तोच येथे आधार आहे. जतन केलेली मांडणी बिनचूक असल्याची खात्री करून, दहा मिनिटांनी यंत्र पुन्हा सुरू व्हावे अशी तजवीज ‘शटडाउन’ या आज्ञेने आधीच करून ठेवावी आणि मगच इंटरफेसला हात लावावा. संपर्क टिकला तर ती तजवीज रद्द करावी; तुटला तर दहा मिनिटे स्वस्थ बसावे. नवी मांडणी फाइलीत लिहिणे हे सर्वांत शेवटचे काम.