कोणी बघत नसताना इलेक्ट्रॉन काय करतो?

प्रश्न : इलेक्ट्रॉनकडे पाहिलं की त्याचं वागणं बदलतं, असं वाचलं होतं. इथे एका शिबिरात त्याचाच दाखला देऊन सांगितलं, की मनाच्या शक्तीने वास्तव बदलता येतं. यात तथ्य किती? – एक वाचक, सांगली

उत्तर : पहिलं खरं आहे. शिबिरातलं सोडून द्या.

१९८९ साली जपानमध्ये हिताचीच्या प्रयोगशाळेत आकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन इतके विरळ सोडले, की यंत्रात एका वेळी जेमतेम एकच असे. प्रत्येकाला पुढे जायला दोन वाटा होत्या. पडद्यावर एकेक ठिपका उमटे, कुठेही, काही ताळमेळ नसल्यासारखा. हजारो ठिपके साठले तेव्हा मात्र त्यांतून एकाआड एक दाट आणि विरळ असे पट्टे दिसू लागले. शेजारी दुसरा इलेक्ट्रॉन नव्हताच, म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनच्या हिशेबात दोन्ही वाटा होत्या. कोणत्या वाटेने गेला हे टिपायची सोय केली, की हे पट्टे नाहीसे होतात. तुम्ही वाचलंत ते हेच.

पण त्यासाठी बघणारा माणूस लागतो का? याचं झकास उत्तर व्हिएन्नात मिळालं. तिथल्या संशोधकांनी ७० कार्बन अणूंचे रेणू बारीक जाळ्यांमधून सोडले, तर त्यांचेही पट्टे उमटले. २००४ साली त्यांनी हे रेणू आधी लेसरने तापवले. भट्टीतलं लोखंड जसं तापून उजळतं, तसे हे रेणूही प्रकाश सोडू लागले, आणि रेणू कुठे होता याची खूण त्या प्रकाशाबरोबर बाहेर पडू लागली. तापमान वाढवत नेलं तसे पट्टे पुसट होत गेले. तो प्रकाश कोणी पाहत नव्हतं, मोजतही नव्हतं. खूण बाहेर पडली, तेवढंच पुरलं.

टेबल किंवा आपण असे दोन वाटांनी जाताना का दिसत नाही, याचंही कारण बरंचसं हेच. हवेचे रेणू आणि उजेड आपल्यावर सतत आदळत असतात आणि आपला ठावठिकाणा जगजाहीर करत राहतात.

एक कोडं मात्र शिल्लक आहे : अनेक शक्यतांमधून प्रत्यक्षात एकच कशी उतरते? यावर भौतिकशास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. पण शिबिरवाल्यांना त्याचा उपयोग नाही, कारण पुढचा ठिपका नेमका कुठे पडेल हे कोणालाच ठरवता येत नाही, कितीही मन एकाग्र केलं तरी. पुढच्या शिबिराची फी भरण्याआधी त्यांना एवढा एक ठिपका हव्या त्या जागी पाडून दाखवायला सांगा.