आघातग्रस्त रुग्ण आणि वैद्याचा स्पर्श : आयुर्वेद व कॅथलिक विचारांच्या प्रकाशात एक अभ्यास

प्रास्ताविक

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर आपल्या जिल्ह्यातील सिंदखेडराजानजीक खाजगी बस उलटून पेटली. त्यात २५ प्रवासी मृत्युमुखी पडले, आठ जण वाचले. अशा प्रसंगातून वाचलेल्याची बाह्य जखम भरून येते. परंतु भयाची जखम पुष्कळदा शरीरातच मुक्काम करते. आग, अपघात, मारहाण, घरातील कर्त्या शेतकऱ्याची आत्महत्या यांपैकी काही सोसलेला रुग्ण खामगावसारख्या तालुक्याच्या गावी सहसा प्रथम मानसरोगतज्ज्ञाकडे जात नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडते, पोट बिघडते, मान-पाठ आखडते, अशा तक्रारी घेऊन तो आपल्या चिकित्सालयात येतो, किंवा औषधी दुकानात "झोपेचे काहीतरी द्या" असे म्हणतो. म्हणून हा विषय वैद्य आणि औषधविक्रेते या दोघांच्याही नित्य व्यवहाराचा आहे.

शास्त्रीय आधार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सत्त्व, आत्मा आणि शरीर यांना परस्परांच्या आधाराने उभ्या राहणाऱ्या तिकाटण्याची उपमा दिली आहे. एक दांडा ढळला की तिन्ही कोसळतात. चिकित्सास्थानातील अतिसाराध्यायात भयज व शोकज अतिसार स्वतंत्रपणे सांगितले असून, त्यांत वातहर क्रियेबरोबर हर्षण व आश्वासन यांचे विधान आहे. ओजःक्षयाच्या लक्षणांत भित्रेपणा, दुर्बलता व सततची चिंता यांची गणना आहे. तात्पर्य, भय हा केवळ मनाचा विषय नसून तो कोष्ठात, हृदयात व स्नायूंत उतरतो, हे आपल्या शास्त्राला नवीन नाही.

आधुनिक वैद्यकात आघातोत्तर ताणविकाराला (पीटीएसडी) अमेरिकन मानसरोगतज्ज्ञ संघटनेच्या वर्गीकरणात १९८० साली स्थान मिळाले. पुढे पीटर लेव्हिन यांनी १९९७ च्या ग्रंथात शरीरसंवेदनांच्या द्वारे उपचार मांडले, तर बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या २०१४ च्या ग्रंथाने हा विचार सर्वदूर नेला. धोक्याच्या क्षणी शरीर लढण्यास, पळण्यास किंवा गोठून जाण्यास सिद्ध होते. धोका सरला तरी ही सिद्धता पूर्णपणे उतरत नाही, असा या मांडणीचा गाभा आहे. तथापि या पद्धतींचा पुरावा अद्याप मर्यादित आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या विकारासाठी आघातकेंद्री वर्तनोपचार व नेत्रचलनाधारित उपचार यांची शिफारस केली. अतएव शरीरलक्ष्यी उपचार हा पूरक मानावा, पर्याय नव्हे.

कॅथलिक दृष्टी व महाराष्ट्रातील उदाहरण

संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांच्या मते आत्मा हा शरीराचे रूपतत्त्व आहे. शरीर व आत्मा मिळून एकच मनुष्य होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मनुष्याचे हे एकत्व पुन्हा सांगितले व देहाला तुच्छ लेखू नये असे बजावले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ या काळातील प्रवचनमालेत देह हा व्यक्तीला प्रकट करतो, असे प्रतिपादन केले. येथे आपल्या शास्त्राशी साम्य आहे, पण ऐक्य नाही. आपला आत्मा नित्य असून देहांतर करतो. कॅथलिक मताप्रमाणे जन्म एकच आणि त्याच देहाचे पुनरुत्थान व्हायचे असते. म्हणून त्या मतात देह हे वस्त्र किंवा उपकरण ठरत नाही. देहाला केलेला स्पर्श हा त्या व्यक्तीलाच केलेला स्पर्श होय.

या विचारभूमीवर शरीरसंवेदनांना स्थान देण्याचा प्रयत्न आपल्याच राज्यात झाला. मुंबईत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू व समुपदेशक फादर अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांनी पुण्यात 'साधना' संस्था सुरू केली. ती पुढे लोणावळ्यास गेली. त्यांच्या १९७८ च्या 'साधना' या पुस्तकातील आरंभीचे अभ्यास शरीराच्या संवेदना व श्वास यांकडे लक्ष देण्याचे आहेत. हे कार्य प्रार्थनेचे होते, आघातचिकित्सेचे नव्हे. १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही मतांबद्दल आक्षेपही नोंदविले. तरीही संवेदनेकडे बळजबरीने नव्हे, तर शांतपणे लक्ष नेणे, हा त्यातील धागा चिकित्सकाने घेण्याजोगा आहे.

व्यवहारातील पथ्ये

१) संमती : अभ्यंगापूर्वी कोणत्या अवयवास, किती वेळ स्पर्श होईल हे सांगावे. "थांबा" म्हणण्याची खूण ठरवावी व ती तत्काळ पाळावी. स्त्रीरुग्णासाठी स्त्रीपरिचारिका असावी. आरंभ पादाभ्यंगाने करणे श्रेयस्कर.

२) उपक्रमांची निवड : आगीतून वाचलेल्यास बंद स्वेदनपेटी, धूपन व धूमपान हे उपक्रम त्या प्रसंगाची आठवण उसळविणारे ठरू शकतात. शिरोधारेत डोळे झाकून निश्चल पडणे काहींना कोंडल्यासारखे वाटते. वमन-विरेचनाची घाई करू नये. स्नेहन, लघु-स्निग्ध आहार व नियमित निद्राकाल येथून आरंभ करावा.

३) अल्प मात्रा : संसर्जनक्रमात आपण पेयेपासून चढत जातो, तसेच येथेही. रुग्णास पाय जमिनीवर टेकवून बसवावे, खोलीतील वस्तू पाहू द्याव्यात. अस्वस्थ जागेकडे क्षणभर लक्ष नेऊन पुन्हा शरीरातील सुखद जागेकडे आणावे.

४) कथनाची सक्ती नको : घडलेले सविस्तर सांगण्याचा आग्रह धरू नये. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सर्व वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने त्याज्य ठरविली आहे.

५) त्रासन वर्ज्य : उन्मादचिकित्सेत त्रासनाचा उल्लेख आहे. मुळात भयानेच ग्रस्त झालेल्या रुग्णावर त्याचा प्रयोग कदापि करू नये. भयज विकारास आश्वासन, हीच शास्त्राची दिशा आहे.

औषधविक्रेत्यांसाठी

निद्रानाशासाठी सर्पगंधायुक्त कल्प वैद्याच्या सल्ल्याविना देऊ नयेत. त्यातील रेसर्पिन रक्तदाब उतरविते व खिन्नता वाढवू शकते. चालू असलेल्या मानसरोगावरील गोळ्या एकाएकी बंद करण्यास कोणी सांगू नये. दुकानात तोच रुग्ण झोपेसाठी वारंवार येत असेल, तर त्याच्याशी दोन शब्द बोलून त्यास वैद्याकडे पाठवावे. ही आपली सामाजिक जबाबदारीच आहे.

मर्यादा व उपसंहार

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर पदवीधरास मानसिक आरोग्य व्यावसायिक मानले आहे. आपल्यासारख्या बी.ए.एम.एस. पदवीधरांनी ही सीमा ओळखावी. आत्महत्येचे विचार, भ्रम, व्यसनाची वाढ किंवा महिनाभर न ओसरणारी लक्षणे दिसल्यास रुग्णास जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवावे. ऑक्टोबर २०२२ पासून कार्यरत असलेला टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चिकित्सालयात व दुकानात ठळकपणे लावावा.

आयुर्वेदाचा त्रिदंड आणि कॅथलिक मताची देहात्मएकता यांच्या वाटा भिन्न आहेत. परंतु दोन्हींचा चिकित्सकास बोध एकच : तेल लावणाऱ्या हाताखाली केवळ त्वचा व स्नायू नसून एक संपूर्ण मनुष्य असतो. ज्याच्या देहावर एकदा बळजबरी झाली, त्यास आपल्या हातून पुन्हा बळजबरीचा अनुभव येऊ नये, याची खबरदारी घेणे हाच आश्वासनचिकित्सेचा पहिला उपक्रम होय.