टेडीचं बारसं नोव्हेंबरात घाला

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. ‘टेडी डे’ साजरा करायचाच म्हणून तिने हट्ट धरलाय. शोधायला गेलं तर कुठे १० फेब्रुवारी दिसतं, कुठे ९ सप्टेंबर. खरा दिवस कोणता? आणि नवीन टेडी विकत न आणता घरच्या घरी काय करता येईल?
– एक आई, रत्नागिरी

उत्तर : या दोन्ही तारखा तुमच्या उपयोगाच्या नाहीत. १० फेब्रुवारी हा व्हॅलेंटाइनच्या आठवड्यातला दिवस. तो दुकानदारांचा आणि कॉलेजातल्या मुलामुलींचा. पहिली-दुसरीतल्या पोरीला त्याचं काय? ९ सप्टेंबर अमेरिकेत पाळतात. आपल्याकडे बहुतेक वर्षी त्या सुमाराला गणपतीची धांदल, घरात मुंबईहून आलेले चाकरमानी आणि बाहेर पाऊस. त्यात टेडीला कोण विचारणार?

मी सुचवेन १४ ते १६ नोव्हेंबर. १४ला बालदिन आहेच, आणि १६ नोव्हेंबरला टेडीचा वाढदिवस म्हणायला हरकत नाही. १९०२ साली त्या दिवशी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये क्लिफर्ड बेरीमन यांचं एक व्यंगचित्र छापून आलं. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीच्या जंगलात अस्वलाच्या शिकारीला गेले होते आणि त्यांना काही केल्या सावज मिळत नव्हतं. त्यांचा वाटाड्या होल्ट कॉलियर जन्माने गुलाम, पण पुढे त्या मुलखातला नावाजलेला शिकारी झालेला. त्याने एक अस्वल गाठलं, झाडाला बांधलं आणि अध्यक्षांना बोलावणं धाडलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनी साफ नकार दिला. बेरीमननी नेमका तो प्रसंग चितारला.

मुलांच्या पुस्तकांत गोष्ट इथेच संपते. पण ते अस्वल आधीच जबर जखमी होतं. त्याचे हाल संपवा, असं रूझवेल्टनीच सांगितलं आणि ते सुरीने मारलं गेलं. हे मुलीला कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी असतो तर आणखी तीन-चार वर्षं थांबलो असतो, पण सांगितलं असतं नक्की.

पुढे ब्रुकलिनमध्ये गोळ्या-चॉकलेटचं दुकान चालवणाऱ्या मॉरिस आणि रोझ मिचटम या जोडप्याने कापडाचं अस्वल शिवून काचेत मांडलं, त्याला रूझवेल्टचं लाडकं नाव दिलं – टेडी. (खुद्द रूझवेल्टना ते नाव फारसं आवडत नसे. पण अध्यक्ष झालं तरी लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?) त्याच सुमारास जर्मनीत मार्गारेट स्टाइफ यांच्या कारखान्यात त्यांचा पुतण्या रिचर्ड हातपाय हलणारं अस्वल बनवत होता. मार्गारेटबाईंना लहानपणी पोलिओ झालेला, त्यामुळे त्या चाकाच्या खुर्चीत असत. शिवणकामावर त्यांनी अख्खा कारखाना उभा केला. १९०३ साली लाइपझिगच्या खेळण्यांच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने ही तीन हजार अस्वलं एकदम मागवली, आणि टेडी जगभर निघाला. मुलीला गोष्ट सांगायचीच असेल तर रूझवेल्टच्या आधी या बाईंची सांगा.

आता करायचं काय? बारसं. तुमच्या घरातल्या टेडीला स्वतःचं नाव आहे का? बहुतेक टेडींना नसतं. आपल्याकडे बाहुला-बाहुलीचं लग्न लावायची रीत होतीच. मे महिन्याच्या सुट्टीत अंगणात आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव, हातरुमालाचा अंतरपाट, अक्षता, चुरमुऱ्या-गुळाची पंगत. वरपक्षाने रुसायचं आणि वधूपक्षाने समजूत काढायची, हे मुलं कुणी न शिकवता करत. टेडीला लग्नाची घाई नको, बारसंच बरं.

वेताची टोपली घ्या, तिला दोन बाजूंनी दोऱ्या बांधून झोपाळ्याच्या कडीला अडकवा, आत आईच्या जुन्या सुती साडीची घडी. आदल्या रात्री मुलांनीच हरभरे भिजत घालायचे. सकाळी त्यांच्या घुगऱ्या, वर खोवलेलं खोबरं. निमंत्रणं जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर. टोपलीच्या खालून-वरून टेडीची देवाणघेवाण करायची, मग आत्या त्याच्या कानात नाव सांगणार आणि सगळ्या पोरी ‘कुर्रर्र’ करून तिच्या पाठीत धपाटे घालणार. आत्या कोणी व्हायचं यावरून भांडण होणारच. मध्ये पडू नका, अर्धी मजा त्या भांडणात असते. ज्याच्याकडे टेडी नाही त्या मुलाने कापडाचा हत्ती किंवा उशीसुद्धा आणली तरी चालेल, एवढं मात्र निमंत्रणातच लिहायला लावा. कुणी रिकाम्या हाताने कोपऱ्यात उभं राहिलं तर सगळ्यावर पाणी.

पाहुण्यांना भेट म्हणून माडाच्या पातीचं घड्याळ आणि पिपाणी. आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या बोटांना ते अजून येत असेल.

दुसऱ्या दिवशी टेडीचा दवाखाना. जर्मनीत आणि युरोपातल्या इतर देशांत वैद्यकीय विद्यार्थी असे दवाखाने भरवतात. मुलं आपला आजारी टेडी घेऊन येतात, टेडीला काय होतंय ते डॉक्टरला सांगतात, त्याला तपासायला मदत करतात, त्याचा हात प्लास्टरमध्ये घातलेला बघतात. पांढऱ्या कोटाची आणि सुईची भीती कमी व्हावी हा हेतू. घरी नरसाळं आणि हातभर रबरी नळी एवढ्यात स्टेथोस्कोप तयार होतो, आणि त्यातून खरोखरच ठोके ऐकू येतात. टेडीचे नाही आले तर मुलं एकमेकांचे ऐकतील. उसवलेली शिवण टाके घालून शिवायची, सुटलेला डोळा बटणाने बसवायचा. सात वर्षांच्या मुलीला मोठ्या सुईने धावदोरा शिकवायला याच्याइतकी चांगली वेळ नाही. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी बालदिनाला एक सकाळ असा दवाखाना भरवला तर अंगणवाडीतली पोरं रांग लावतील.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते, पण तिला वाचनालयाची साथ लागते. अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या ग्रंथालयांत मुलं आपलं मऊ खेळणं एका रात्रीसाठी वस्तीला ठेवतात. रात्री कर्मचारी त्या खेळण्यांचे फोटो काढतात – कपाट चढताना, पुस्तक चाळताना, टेबलाखाली लपताना. सकाळी मूल येतं तेव्हा त्याला फोटो मिळतात आणि टेडीने ‘निवडलेलं’ पुस्तकही. जपानी संशोधकांनी याचा अभ्यास करून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले : अशा मुक्कामानंतर छोटी मुलं आपल्या खेळण्याला पुस्तक वाचून दाखवू लागली. काही दिवसांत तो उत्साह ओसरला, पण त्या रात्रीची आठवण करून दिल्यावर परत आला. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे. जवळजवळ दोनशे वर्षांच्या त्या वाचनालयात एका रात्रीपुरते वीस टेडी मुक्कामाला आले तर पुस्तकं तक्रार करणार नाहीत. चार पालकांनी मिळून विचारून तर बघा.

भाट्याच्या किनाऱ्यावर टेडींची सहल मात्र नको. वाळू निघता निघत नाही आणि खारं पाणी आत मुरलं की खेळणं कायम ओलसर राहतं, कारण मीठ हवेतला दमटपणा खेचून घेतं.

प्रश्न : पावसाळ्यानंतर मुलाच्या टेडीला कुबट वास येतो, पाठीवर काळे ठिपकेही पडलेत. मुलाला सर्दी-दम्याचा त्रास आहे. टाकून द्यावा का?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : ठिपके फक्त वरवर असतील तर टाकू नका. अंगणात नेऊन, नाकाला फडकं बांधून कोरड्या ब्रशने झाडा, मग उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा आणि साबणाच्या पाण्यात धुवा. कान धरून दोरीवर टांगू नका, टाके उसवतात. चाळणीवर आडवा ठेवून उलटपालट करत ऑक्टोबरच्या उन्हात पूर्ण वाळवा. वरून सुकला तरी पोट ओलं असतं, तेव्हा दाबून बघा. बुरशी आत गेली असेल तर पाठीची शिवण उसवून भरण काढून फेका आणि नवीन भरा. सावरीच्या कापसाच्या उश्या आपल्याकडे होत्याच, तोच कापूस टेडीलाही चालतो. पण दमेकरी मुलासाठी धुता येईल असं कृत्रिम फायबर बरं. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांसाठी टेडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिवसभर फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीने किडे मरतात, पण त्यांची घाण उरते आणि त्रास तिचाच होतो, म्हणून नंतर धुणं आलंच. एवढं करूनही वास राहिला तर मुलाच्या छातीपेक्षा टेडी मोठा नाही, निरोप द्या.

प्रश्न : आपल्या जंगलात खरं अस्वल आहे का? ते टेडीसारखं असतं का? (इयत्ता चौथी, चिपळूण)

उत्तर : आहे, आणि मुळीच नसतं. आपलं अस्वल काळं, झिपरं, लांब नखांचं. छातीवर इंग्रजी व्हीसारखा पांढुरका पट्टा. वारूळ फोडून तोंडाने वाळवी ओढून घेतं, तेव्हा तो आवाज लांबवर ऐकू जातो. मध आणि जांभळंही त्याला प्रिय. मेळघाट, ताडोबाकडे ती बरीच आहेत. आपल्या सह्याद्रीत कोयना-चांदोलीच्या रानातही आहेत. आई पिल्लांना पाठीवर बसवून हिंडते. समोरून माणूस अचानक आला तर ते बिथरून हल्ला करतं, तेव्हा रानात एकट्याने, गुपचूप फिरायचं नाही.

पूर्वी दरवेशी अस्वल घेऊन दारोदार येत आणि त्याच्या पाठीवर मुलांना बसवत. तुझ्या आजोबांनी पाहिलं असेल. नाकात वेसण घालून, मारून शिकवलेलं ते अस्वल असे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने अस्वलाला संरक्षण आहे; तसा खेळ आज कुठे दिसला तर मोठ्या माणसांना सांगून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायला लाव.