डाळीवर खापर

मी दारू पीत नाही. मटण-मासे खात नाही, अंडं पोटात जातं ते केकमधून तेवढंच. गेल्या वर्षात हे इतक्या जणांना ऐकवावं लागलंय की आता पाठ झालंय. युरिक अॅसिड वाढलं म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक हसू येतं, आणि बाईचं वाढलं म्हटलं की ते आणखी पसरतं. आमच्या जाऊबाईंनी तर भर हळदीकुंकवात विचारलं, "काय गं, चोरून पार्ट्या का?"

पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन मूत्रपिंडांना युरिक अॅसिड बाहेर टाकायला मदत करतं. पाळी गेली की ती मदत गेली. पन्नाशीनंतर बायकांचा आकडा चढतो तो यामुळे. पार्ट्यांमुळे नाही, जाऊबाई.

तपासणीत माझं ८.२ आलं. कुठे दुखत नव्हतं की सुजलं नव्हतं. अशा वेळी नुसत्या आकड्यासाठी बहुतेकदा औषध सुरू करत नाहीत, पण तेव्हा हे सांगणारं कोणी भेटलं नाही. रिपोर्टमधला ठळक टायपातला आकडा पाहून मुलगी घाबरली आणि तिने एका आहारसल्लागार बाईंचं तीन महिन्यांचं पॅकेज परस्पर घेऊन टाकलं. पैसे आगाऊ.

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर तक्ता आला. डाळी बंद, उसळी बंद, पालक, मटार, फ्लॉवर, टोमॅटो बंद. मी फोन केला, "अहो, मग भात कशाशी कालवू?" तर म्हणाल्या, "काकू, प्रोटीन म्हणजेच प्युरिन." इतक्या ठामपणे म्हणाल्या की पुढे बोलायची सोयच नव्हती.

प्रोटीन म्हणजे प्युरिन नव्हे. ज्याचं शरीरात युरिक अॅसिड होतं ते प्युरिन येतं पेशींमधल्या डीएनए-आरएनएतून. म्हणून कलेजी, गुर्दा, भेजा यांत ते ठासून भरलेलं असतं, आणि दूध-अंड्यात भरपूर प्रोटीन असूनही ते नावापुरतं. अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांच्या बारा वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला (तोही पुरुषांचाच, बायकांचे सांधे कोण मोजतंय!). मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊट, म्हणजे युरिक अॅसिडमुळे होणारा संधिवात, जास्त झाला, कमी चरबीचं दूध-दही घेणाऱ्यांना कमी, आणि प्युरिनवाल्या भाज्या-कडधान्यांचा संबंध दिसला नाही. आणि मी कित्येक आठवडे मीठ-लिंबू लावून भात गिळत होते.

मग आला 'डिटॉक्स'. आठवडाभर जेवण नाही, फक्त रस. सकाळी सफरचंद-बीट, दुपारी मोसंबी, संध्याकाळी गाजर-संत्रं, वर मध. मी विचारलं होतं, "मला बीपी आहे, चालेल ना?" त्यावर अंगठा वर केलेलं चित्र आलं.

आठवडा संपता संपता मध्यरात्री दुसराच अंगठा वर आला, माझ्या उजव्या पायाचा. वांग्यासारखा जांभळा, चकचकीत. चादरीची कड टेकली तरी किंचाळावंसं वाटत होतं. पंख्याचा वारा लागला तरी ठणका मस्तकात जायचा. बाईंना कळवलं तर उत्तर, "खूप छान काकू! शरीरातली घाण बाहेर पडतेय. प्लॅन सोडू नका."

सकाळी रक्त दिलं. आकडा आला ६.३. तो मी बाईंना पाठवला मात्र, मोबाईलवर फुग्यांचा आणि टाळ्यांचा पाऊस. "बघा काकू! ८.२ वरून ६.३!" आणि त्याखाली, "तुमचा रिपोर्ट नाव झाकून आमच्या पेजवर टाकू का?" मी तेव्हा संडासापर्यंत भिंत धरून जात होते. त्या एका मेसेजनं जे कळायचं ते कळलं. या बाईंचं गिऱ्हाईक मी नव्हते, तो आकडा होता.

संधिवाताच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की ऐन दुखण्यात रक्तातला आकडा खाली येऊ शकतो, सूज उतरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. तपासलं, ८.९. रसांचंही त्यांनीच उलगडलं. फळातली साखर, फ्रुक्टोज, यकृतात मोडताना युरिक अॅसिड तयार होतं. आख्खं फळ चोथ्यासकट खाल्लं तर साखर हळू आणि कमी जाते, ग्लासभर रसात चार-पाच फळांची एकदम. आणि उपाशी शरीर चरबी जाळतं तेव्हा जी आम्लं तयार होतात, ती मूत्रपिंडात युरिक अॅसिडची वाट अडवतात. म्हणजे बाईंनी दोन्हीकडून सोय केली होती.

मग म्हणाले, "चालू गोळ्या दाखवा." मी बीपीची पट्टी पुढे केली. केमिस्टने कात्रीने कापून दिलेली, नावाचा अर्धा भाग गायब. त्यांनी ती उजेडात तिरकी धरली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. टेल्मिसार्टन, आणि जोडीला हायड्रोक्लोरोथायझाइड. ही दुसरी, लघवी वाढवणारी गोळी युरिक अॅसिड अडवून धरते. "या गोळीने काही होतं का?" असं मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना पूर्वीच विचारलं होतं. "छे, साधी बीपीची आहे," म्हणाले होते.

तेव्हा पहिलं काम, पट्टी कापून घेऊ नका, आणि घेतलीत तर नावाचा भाग मागून घ्या. लघवीची गोळी असेल, हृदयासाठी रोज छोटी अॅस्पिरिन असेल, तर डॉक्टरांना सांगा. मनाने बंद मात्र करू नका. माझी गोळी बदलून लोसार्टन दिली, ती युरिक अॅसिड थोडं उतरवते.

उपास करायचा तर पाणी पिऊन करा. हरतालिकेचं निर्जळी मी सोडलं. सासूबाई बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. वजन उतरवायचं तर सावकाश. बाकी भरपूर पाणी प्या, चालायला जा, हे सगळेच सांगतात, मीही सांगते. ताक प्या, मलई काढून. कोल्ड्रिंक नको. मांसाहारी मंडळींनी पाया, कलेजी, सुकट, तारली, बांगडा यांच्याकडे बघावं, आणि बिअरकडे आधी. वरणाने तुमचं काही बिघडवलेलं नाही. मी पुन्हा रोज आमटी खाते.

पथ्याने आकडा साधारण एकाने उतरतो, त्याहून फार नाही. अॅटॅक वारंवार येत असतील तर औषध लागतं. अॅलोप्युरिनॉल १९६० च्या दशकापासून वापरात आहे. ते थोड्या मात्रेपासून वाढवत नेतात आणि आकडा सहाच्या खाली ठेवतात. अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि पुडीत बांधून मिळणारी, घेतल्या घेतल्या ठणका थांबवणारी बिननावाची भुकटी घेऊ नका, अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

पॅकेजचे उरलेले पैसे मागितले तर उत्तर आलं, परत मिळत नाहीत, पण राहिलेले आठवडे काकांच्या नावावर करून देऊ, त्यांचं पोट उतरवू. आमचे हे तयार होते. मी नंबर ब्लॉक केला.