रात्री चार वेळा उठणाऱ्या बाबांसाठी

वस्तीत घरोघर फिरताना बायका आपली दुखणी मोकळेपणाने सांगतात. पुरुषांची दुखणी मात्र कळतात ती त्यांच्या बायकोकडून किंवा सुनेकडून, तीही मी निघाल्यावर, दाराशी, हळू आवाजात. "ताई, ह्यांना रात्रीतून चार-चार वेळा उठावं लागतं." म्हणून हा लेख बंधूंसाठी आहे, पण तो घरातल्या सगळ्यांनी वाचावा.

पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. वीर्यातला काही पातळ भाग ती तयार करते आणि लघवीची नळी तिच्या मधूनच जाते. उतारवयात ही ग्रंथी वाढू लागते. ५१ ते ६० वयाच्या साधारण निम्म्या पुरुषांत ती वाढलेली असते. नळी दाबली गेली की लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक होते, शेवटी थेंब थेंब येते आणि होऊन गेली तरी पुन्हा लागल्यासारखी वाटते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि तिचा पुढे कॅन्सर होत नाही. पण कॅन्सर वेगळा असू शकतो, म्हणून डॉक्टर गुदद्वारातून बोटाने तपासतात आणि गरज वाटल्यास रक्ताची पीएसए तपासणी सांगतात. बोटाच्या तपासणीला लाजून कितीतरी जण परत येतात. दोन मिनिटांचं काम आहे. बाळंतपणात आपल्या बायका काय काय सोसतात ते आठवा!

आपल्याकडे अडचण दुहेरी आहे. संडास सार्वजनिक, गल्लीच्या टोकाला, रात्री अंधार. म्हणून म्हातारी माणसं दुपारपासूनच पाणी तोडतात. त्याने प्रोस्टेट बरी होत नाही. लघवी घट्ट होते, जळजळते, जंतुसंसर्ग आणि खड्यांना वाव मिळतो. दिवसा नेहमीसारखं पाणी प्या, फक्त झोपण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत कमी करा. संध्याकाळचा चहा आणि दारू टाळा. रात्री खाटेजवळ झाकणाचा डबा ठेवायला संकोच कसला? अंधारात घसरून खुब्याचं हाड मोडण्यापेक्षा तो बरा.

औषधं चांगली आहेत. टॅमसुलोसिन नळीभोवतीचे स्नायू सैल करते. काही दिवसांतच फरक कळू लागतो. मात्र उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून आधी बसा, मग उभे राहा. वीर्य कमी आलेलं दिसलं तर घाबरू नका, तो औषधाचा परिणाम आहे. मोतीबिंदूच्या शिबिरात नाव घालणार असाल तर ही गोळी चालू असल्याचं, किंवा पूर्वी घेतल्याचंही, डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा. तिच्यामुळे डोळ्यातली बाहुली शस्त्रक्रियेत नीट ताणून राहत नाही. दुसरी गोळी फिनास्टेराइड. ती ग्रंथी आक्रसवते, पण तिला सहा महिने द्यावे लागतात. गरोदर सुनेने तिचे तुकडे हाताळू नयेत. गोळ्यांनी भागलं नाही तर लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून ग्रंथीचा वाढलेला भाग काढतात. पोट फाडावं लागत नाही. नंतर वीर्य बहुधा मागे मूत्राशयात जातं, पण ताठरता सहसा टिकते.

लघवी अचानक पूर्ण बंद झाली आणि ओटीपोट फुगून दुखू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखान्यात जाऊन नळी घालून घ्या. सर्दीच्या साध्या गोळ्यांनीही असं होऊ शकतं, म्हणून प्रोस्टेट वाढलेल्यांनी त्या मनाने घेऊ नयेत. झोपेत कपडे ओले होत असतील तर तेही हसण्यावारी नेऊ नका. मूत्राशय तुडुंब भरून वाहत असेल तर किडनी धोक्यात येते. आणि लघवीतून रक्त आलं, तेही न दुखता, तर लगेच तपासा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर नक्कीच.

आता ताठरतेविषयी. रस्त्याकडेच्या तंबूत 'गुप्तरोग' आणि 'धातू जाणे' यांच्या नावाने पैसे उकळले जातात. स्वप्नात वीर्य जाणं हा रोगच नाही, त्याने शक्तीही जात नाही. ताठरता कमी होण्याची कारणं बहुतेक वेळा साखर, रक्तदाब, तंबाखू, दारू किंवा मनावरचा ताण ही असतात. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे काही जणांत हृदयरोगाची पहिली खूण इथेच दिसते. चूर्णाच्या पुडीआधी साखर आणि रक्तदाब तपासा. सिल्डेनाफिलच्या गोळीने अनेकांना गुण येतो, पण छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट घेणाऱ्यांनी ती अजिबात घेऊ नये. रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. तंबूतल्या काही 'जडीबुटी' चूर्णांत हेच औषध न सांगता मिसळलेलं सापडलं आहे.

डॉक्टरांकडे जाताना तीन दिवस कितीदा आणि केव्हा लघवीला गेलात ते लिहून न्या. मुलं-नातवंडं लिहून देतील. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्याही सोबत घ्या. शस्त्रक्रिया सांगितली तर पैशापायी मागे फिरू नका. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रिया आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलाशी आधी चौकशी करा, मग भरती व्हा.